मिठाचे दोन पुडे

ऊसतोडीला येणाऱ्या माणसाचा देवावर विश्वास असतो, नवसावर असतो, मुकादमाच्या शब्दावर तो नाइलाजाने ठेवावा लागतो. काट्यावर मात्र कुणाचाच नसतो. दिवसभर तोडलेला, मोळ्या बांधून डोक्यावरून फळीवर चढवलेला, ट्रॉलीत रचलेला ऊस कारखान्यात जातो. तिथल्या काट्यावर जो आकडा पडतो तीच मजुरी. आकडा पडताना तोडणारा तिथे नसतो. वजनमापे खात्याची भरारी पथकं येतात, तपासतात, काटा बरोबर असल्याचं सांगून जातात. ऊसतोड्यांच्या तळावरची माणसं मान डोलावतात आणि आपसात म्हणतात, पथक यायचंय हे काट्याला आधीच कळलं असणार.

कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावाबाहेर दिवाळीनंतर बारा कोयत्यांची टोळी उतरली. शिरूर कासारकडची, बीड जिल्ह्यातली. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस हिशेबात अर्धा. त्या बारांतला एक कोयता दत्ता आणि मनीषाचा होता. मनीषाला सहावा महिना लागलेला. तिला घरी ठेवावं तर कोयता मोडतो, आणि लाखभराची उचल तर पावसाळ्यातच घेऊन खर्चूनही झालेली. तेव्हा ती आली. निघताना सासूने तिचं माता-बाल संरक्षण कार्ड पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी ठेवून दिलं. एवढ्या लांबच्या प्रवासात हरवलं म्हणजे? तपासण्या, लसी, गोळ्या सगळं ज्यावर लिहिलेलं, तो कागद असा बीडमध्ये जपून राहिला आणि बाई कोल्हापूरच्या फडात.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे मोळी उचलताना पाणी गेलं. कुणीतरी 108 ला फोन लावला, गाडी वेळेत आली, ग्रामीण रुग्णालयात मुलगी झाली. दिवस भरायला पाच आठवडे बाकी होते. वजन दोन किलो. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस राहा, बाळाला नजरेखाली ठेवू. दुसऱ्या दिवशी दुपारी सही करून दोघं तळावर परतले. या सहीला अडाणीपणा म्हणणं फार सोपं आहे. न भरलेल्या दिवसाला खाडा म्हणतात, आणि एका खाड्याला पाचशेपासून हजारापर्यंत रुपये कापले जातात. दवाखान्यातली खाट फुकट असते, तिच्यावर झोपणं फुकट नसतं.

सुरेखा त्या गावची आशा स्वयंसेविका. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळ-बाळंतीण बघायची, हे तिचं काम. सगळ्या भेटी झाल्या, फॉर्म भरला, की अडीचशे रुपये. पण मनीषाचं नाव तिच्या रजिस्टरला नव्हतं. ते बीडच्या रजिस्टरला होतं. म्हणजे ही भेट कुणाच्याच हिशेबात धरली जाणार नव्हती. तरी ती गेली. त्याला फार उदात्त कारण शोधू नये. तळ तिच्या रानाच्या वाटेवर होता, आणि कोप्यांच्या मधल्या दोरीवर लंगोट वाळत घातलेले तिला दिसले. दोनच. सकाळचे दहा वाजले होते, ऊन चांगलं होतं, धुणं नुकतंच झालेलं दिसत होतं, आणि लंगोट दोनच. दूध नीट मिळणारं तीन दिवसांचं बाळ दिवसरात्रीत तीन-चारदा तरी लंगोट ओला करतं, आठवडा होता होता सहाच्या वर. सायकल झाडाला टेकवून ती खाली वाकून कोपीत शिरली.

आत पाचटाच्या भिंती, वर निळा ताडपत्रीचा कागद. बाजेवर मनीषा, तिच्या बाजूला दुपट्याच्या चार घड्यांत मुलगी, आणि बाजेखाली कोळशाची शेगडी. शेगडीपाशी कोंडाबाई. टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिच्या शब्दाबाहेर तळावरचं एकही बाळंतपण जात नसे.

"लेकरू लई गुणाचं हाय," कोंडाबाई म्हणाली. "रडत न्हाई का काय न्हाई. नुसतं निजून असतंय."

सुरेखाच्या पोटात गोळा आला तो इथे. भरल्या दिवसांचं बाळ भुकेलं की कोपी डोक्यावर घेतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तेवढी ताकद नसते. ते भुकेनं रडायच्या ऐवजी झोपतं, झोपलं म्हणून कुणी पाजत नाही, पाजलं नाही म्हणून आणखी मरगळतं. त्याला दर दोन तासांनी उठवून पाजावं लागतं, ओढता येत नसेल तर आईचं दूध वाटीत काढून चमच्याने. गुणी बाळाचं कौतुक करताना ही गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही.

पण आल्या पावली शिकवायला बसलं की माणसं कान मिटतात, हे तिला ठाऊक होतं. तिने मनीषाला विचारलं, "तू जेवलीस का?"

मनीषाने कोंडाबाईकडे बघितलं. मग तिला एकदम रडू फुटलं. तीन दिवसांत बाळाचं नाक, डोळे, रंग, कुणावर गेलं, सगळ्याची चौकशी झाली होती. तिची ही पहिलीच. सुरेखाने रक्तस्राव किती आहे, ताप, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे विचारून घेतलं. ते ठीक होतं. पण बाळंतिणीला पाणी बाधतं म्हणून दिवसाला दोन पेले पाणी आणि कोरडी भाकरी, एवढ्यावर ती होती. चीक तर दवाखान्यातच पिळून टाकला होता, पिवळा दिसतो म्हणून. त्यावर सुरेखा काही बोलली नाही. जो गेला तो काही परत येणार नव्हता. पाण्याबद्दल मात्र तिने कोंडाबाईलाच विचारलं, "मावशी, म्हशीचं पाणी तोडल्यावर धार निघतीया व्हय?" कोंडाबाईने आयुष्यभर म्हशी पाळल्या होत्या. ती उठली आणि तांब्या भरून आणला. शेगडीचंही तसंच. पाचटाच्या कोपीत ठिणगी पडली तर काय होतं, हे त्या तळावर कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

आता वजन. आशाच्या पिशवीत स्प्रिंगचा छोटा काटा असतो, खाली कापडी झोळी, आणि वर आकड्यांच्या जोडीला लाल-पिवळे-हिरवे पट्टे, म्हणजे आकडे न वाचणाऱ्यालाही कळावं. या पिशवीचं कूळ गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने तिथल्या 39 गावांत, बेताच्या शिकलेल्या बायकांच्या हाती असाच काटा, घड्याळ आणि थर्मामीटर दिलं. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 1999 साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि पुढे 2011 पासून देशभरच्या आशांनी घरोघर जाऊन नवजात बाळं बघायची पद्धत सुरू झाली. शिरोळच्या त्या कोपीत अर्थात हे कुणाला माहीत नव्हतं, आणि असतं तरी फरक पडला नसता.

कारण नेमका त्या वेळी दत्ता फडातून डबा न्यायला आला. सुरेखाने कोपीच्या आडव्या बांबूला काटा अडकवला, मुलीला झोळीत ठेवलं आणि आकडा वाचला. "एकोणीसशे ग्रॅम."

"दवाखान्यात दोन किलो व्हतं," दत्ता म्हणाला.

"व्हय."

"तीन दिसात शंभर ग्रॅम कुठं गेलं?"

कोपीच्या तोंडाशी जमलेल्या पोराटोरांत कुणीतरी हळूच म्हणालं, "काटा मारला." हसू पिकलं. दत्ता हसला नाही. "ताई, राग नका मानू. पर काट्याचं आमाला नका सांगू. टनाटनानं खाल्लंय आमचं काट्यानं."

सुरेखाला उत्तर येत होतं. प्रशिक्षणात पाठ करून घेतलं होतं: जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं, अंगातलं जास्तीचं पाणी जातं, दूध नीट सुरू झालं की दुसऱ्या आठवड्यात ते जन्मवजनावर परत येतं. हे तिने शंभरदा लोकांना ऐकवलं असेल. तोंड उघडलंही. आणि मिटलं. तिच्या घरचाही दीड एकर ऊस त्याच कारखान्याला जात होता. काट्यावरून घरी आलेली पावती बघून तिचा नवरा दर हंगामात जे बोलायचा, तेच हा माणूस बोलत होता. काट्यावर शंका घेणाऱ्याला काट्याचाच आकडा पुन्हा मोठ्याने वाचून दाखवण्यात काय अर्थ?

"दादा, मिठाचा पुडा हाय का घरात? न फोडलेला?"

एक निघाला. दुसरा शेजारच्या कोपीतून आला. एकेक किलोचे.

"काटा तुमीच धरा. मी हात लावत न्हाई." ती उठून कोपीच्या दारात जाऊन उभी राहिली.

दत्ताने आधी रिकामी झोळी लावून बघितली, काटा शून्यावर येतो का. बोटाने झोळी दाबून सोडली, परत शून्य. मग एक पुडा टाकला. एक. पुडा काढून दुसरा टाकला, कारण पहिल्यातच काहीतरी गोम असली तर? एक. मग दोन्ही. काटा थरथरत जाऊन दोनावर थांबला. त्याने काटा बांबूवरून काढून स्वतःच्या मुठीत धरला आणि सगळं पुन्हा केलं. बाहेरची पोरं गप्प झाली होती. कारखान्याचा काटा असा कुणी कधी त्याच्या हातात दिला नव्हता.

मग त्याने पुडे बाजूला ठेवले, कोंडाबाईने मुलीला झोळीत घातलं, आणि बापाने आपल्या हाताने आपली लेक तोलली. काटा दोनाच्या अलीकडे थांबला. हिरवा पट्टा बराच लांब होता.

"दोन पुड्यांहून कमी भरती व्हय गं तू," तो तिला म्हणाला.

यानंतर सुरेखाने जे सांगितलं ते त्याने ऐकलं. तेच, पाठ केलेलं. शेवटी एवढंच जोडलं: "चौदाव्या दिवशी तुमीच मोजा. दोन पुडे भरले तर बरं. न्हाई भरले तर त्या दिवशी खाडा-बिडा काय बी बघायचं न्हाई, दवाखान्यात न्यायचं."

त्याला मुदत मिळाली, आकडा मिळाला आणि पडताळायचं साधन मिळालं. आपल्याकडे आरोग्याची माहिती बहुतेक वेळा यातलं काहीच न देता सांगितली जाते. पोस्टरवर गुबगुबीत बाळ असतं, खाली 'काळजी घ्या' असं लिहिलेलं असतं. कसली आणि किती, ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

थंडीचा प्रश्न मोठा होता. कृष्णाकाठी जानेवारीत पहाटे धुकं उतरतं, कोपीतलं पांघरूण दवाने जड होतं. दोन किलोच्या अंगावर चरबीच नसते. ते बाळ आपली ऊब आपण धरू शकत नाही. सुरेखा म्हणाली, बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं घालून उघड्या छातीशी बांधायचं, वरून पांघरूण. जितके तास जमेल तितके. आईने, आणि आई दमली की बापाने.

"बापानं?" कोंडाबाईला हे बाळंतपणात पहिल्यांदाच ऐकायला मिळालं होतं.

ही पद्धत 1978-79 च्या सुमारास कोलंबियात, बोगोताच्या एका सरकारी दवाखान्यात निघाली, तीही गरजेपोटी: काचेच्या पेट्या कमी आणि अपुऱ्या दिवसांची बाळं जास्त. डॉ. एदगार रे यांनी आयांनाच पेटी केलं. पुढे 2021 मध्ये भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की अशा बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी धरलं तर मृत्यू चौथ्या हिश्श्याने घटतात. सुरेखाला यातलं 'कांगारू' एवढं माहीत होतं, आणि तो प्राणी तळावर कुणी पाहिलेला नसल्याने तिने ते नाव घेतलंच नाही.

तिने ओढणीने बांधून दाखवायचा प्रयत्न केला. गाठ सुटली. पुन्हा बांधली, मुलगी खाली घसरली. कोंडाबाई थोडा वेळ बघत राहिली, मग तिने सुरेखाला बाजूला सारलं, आत जाऊन जुन्या लुगड्याचा लांबट तुकडा आणला आणि दत्ताच्या उघड्या छातीवर लेकराला बेडकासारखं पसरून, मान एका कुशीला वळवून, दोन फेरे देऊन पाठीवर अशी गाठ मारली की हलेना. तिची चारही लेकरं पाठीला बांधून तिने ऊस तोडला होता. "पाठीला काय आन् पोटाला काय," ती म्हणाली.

नाक मोकळं राहिलं का, मान दुमडली नाही ना, हे सुरेखाने तपासलं. बाकी गाठीबद्दल बोलायला तिच्याकडे काही नव्हतं.

कोंडाबाई एवढी लवकर वळली, याचं मला नवल वाटत नाही. ती शहाणी बाई होती. दवाखान्यावर तिचा राग होता, पण तो आभाळातून पडलेला नव्हता. चाळिशीच्या आतच तिची गर्भपिशवी काढून टाकली होती. पोटात दुखतं म्हणून गेली, आणि काढली नाही तर कॅन्सर होईल असं तिला सांगितलं गेलं. बीडमध्ये अशा एक-दोन बायका नाहीत. 2019 साली सरकारने नेमलेल्या समितीला ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांत तेरा हजारांवर बायका पिशवी काढलेल्या आढळल्या. ज्यांना एकदा भीती घालून फसवलं गेलं, त्यांनी दुसऱ्यांदा सांगणाऱ्याचं ऐकण्याआधी हातात काहीतरी मागितलं, तर त्याला अंधश्रद्धा म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही.

आता खरी अडचण सुरू झाली, आणि ती माहितीची नव्हती. मनीषा बाजेवर, दत्ता छातीला लेक बांधून बसलेला, म्हणजे अख्खा कोयता बंद. दोन दिवस मुकादम काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाईला निदान बसून मोळ्या बांधायला लाव." बाळंत होऊन सहावा दिवस. सुरेखा मुकादमाशी भांडायला निघाली होती; कोंडाबाईने तिला थांबवलं. बाहेरच्या बाईने मुकादमाशी भांडण केलं तर त्याचे पैसे कुणाच्या हिशेबातून कापले जातात, हे तिला माहीत होतं. त्याऐवजी रात्री तिने टोळीतल्या बाकीच्या अकरा कोयत्यांना बसवलं आणि सावड घातली. पेरणीला, खुरपणीला घालतात तशी. दत्ताने पहाटे ऊस पाडायचा, दुपारी कोपीत यायचं. त्याच्या पाडलेल्या उसाच्या मोळ्या रोज दोन कोयत्यांनी पाळीने बांधून द्यायच्या. मनीषाने सव्वा महिना फडात पाऊल टाकायचं नाही. सुरेखाने सांगितलेलं सगळं अमलात आलं ते या सावडीमुळे. ती नसती, तर दर दोन तासांनी दूध पाजा हे वाक्य त्या कोपीत नुसतं लटकत राहिलं असतं.

सुरेखाने इकडे एक फोन केला. दत्ताच्या गावच्या आशाचा नंबर मिळवला, तिने जाऊन सासूच्या पेटीतलं कार्ड काढलं आणि पानांचे फोटो पाठवले. धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं झालेली, रक्तगट लिहिलेला. दिवाळीनंतरची सगळी पानं कोरी होती.

सातव्या दिवशी वजन तेवढंच राहिलं. दत्ताने स्वतःच मोजलं, पुडे लावून. सुरेखाने त्या दिवशी त्याला आणखी दोन गोष्टी हाताने करायला लावल्या. तळव्याला आणि पोटाला हात लावून बघायचं: दोन्ही गरम तर ठीक, पाय गार आणि पोट गरम, तर बाळाला थंडी वाजतेय, लगेच छातीशी, दोन्ही गार, तर 108. आणि मोबाइलवर एक मिनिट लावून, बाळ शांत असताना पोटाचं वरखाली मोजायचं. साठ किंवा त्याहून जास्त भरलं तर पुन्हा मोजायचं, पुन्हा तेवढंच आलं तर दवाखाना. दूध ओढणं सोडलं, अंग सैल पडलं, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, ताप आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तरी मोजत बसायचं नाही.

दहाव्या रात्री दोनच्या सुमारास ट्रॅक्टर आला. गाडी भरायला सगळ्यांना उठवलं. दत्ता पायात चपला घालता घालता सवयीने मुलीच्या पायाला हात लावायला वळला. पाय गार. पोट कोमट, पण गरमच म्हणावं असं. मनीषा दमून गाढ झोपली होती, मुलगी तिच्या कुशीतून बाजूला सरकली होती. त्याने सदरा काढला, तिला छातीवर घेतलं, आणि हाक मारून कोंडाबाईकडून गाठ मारून घेतली. मोबाइल लावून मोजलं. अठ्ठेचाळीस. बाहेर मुकादम नाव घेऊन ओरडत होता. "मोजतोय," आतून दत्ता म्हणाला. काय मोजतो, हे मुकादमाला कळलं नाही. तो कोपीच्या तोंडाशी येऊन वाकून बघू लागला. वरून घोंगडी पांघरलेला उघडा बाप्या, त्याच्या गळ्यापाशी मुठीएवढं डोकं, आणि समोर उजेड टाकणारा मोबाइल. मुकादमही चार लेकरांचा बाप होता. तो शिवी घालायला आला होता, ती न घालताच गेला; खाडा मात्र त्याने मांडला. तासाभराने पाय गरम झाले. मनीषाने वाटीत दूध काढलं, मुलीने अर्धी वाटी चमच्याने घेतली आणि पुढच्या पाजणीला, पहिल्यांदाच, भुकेनं रडली. कोंडाबाई म्हणाली, "चला, गुण गेला तिचा."

चौदाव्या दिवशी टोळीतली निम्मी माणसं कोपीपाशी जमली होती. झोळीत मुलगी, काटा दोनावर. दत्ताने लगेच तिला उतरवून मिठाचे पुडे लावले. तोच आकडा. एकाने आवाज दिला, "आता हाच काटा कारखान्याला नेऊ." अठ्ठाविसाव्या दिवशी दोन किलो तीनशे, बेचाळिसाव्या दिवशी पावणेतीन किलो, आणि काटा हिरव्यात. दोरीवर लंगोटांची रांग लागली होती, त्यातला एक वाऱ्याने उडून उसात गेला तो सापडलाच नाही.

त्या बेचाळिसाव्या दिवशी सुरेखा फॉर्मशिवायची शेवटची भेट संपवून निघाली, तर कोंडाबाईने तिला आणखी दोन कोप्यांत नेलं. एकीला पाचवा महिना, एकीला सातवा. तिसरी फडातच होती; तिला कितवा, ते तिलाच नक्की सांगता येत नव्हतं. तिघींचीही कार्डं बीडमध्ये, पेट्यांत.

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी होते. 2016 पासूनची योजना आहे. सुरेखाने ते सांगितलं. पण नऊ मार्च म्हणजे हंगामाची शेवटची घाई, आणि तीन बायका म्हणजे तीन खाडे. या वेळी मुकादमाशी बोलायला सुरेखा गेली नाही. दत्ता आणि कोंडाबाई गेले. दत्ताने मोबाइलवर हिशेब मांडून दाखवला: मनीषाचे आणि त्याचे मिळून किती खाडे पडले, सावड नसती तर किती पडले असते, मग उचल फिटायला पुढचा किती हंगाम गेला असता, आणि ती न फिटता माणूस घरी बसला तर बुडतं कुणाचं. मुकादम आकडा बघत राहिला. आकड्यांपुढे तो कच्चा नव्हता. "अर्धा दिवस," तो म्हणाला. "दुपारच्या गाडीला माघारी पायजेत."

नऊ तारखेला तो स्वतःच ट्रॅक्टर घेऊन आला, वेळेवर माघारी आणायची खात्री म्हणून. रिकाम्या ट्रॉलीत तीन गरोदर बाया, मनीषा, तिच्या कडेवर मुलगी आणि कोंडाबाई. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात लिंबाखाली तो डिझेलच्या नावाने खडे फोडत बसला होता. आतून एकेक बाई बाहेर येई आणि लघवी तपासायला जाताना, वजनाला जाताना हातातलं नवं कार्ड त्याच्याकडे धरायला देई. तीन कार्डं धरून बसलेला माणूस किती वेळ न वाचता बसेल?

"आशाताई," त्याने हाक मारली. "हे सात पॉइंट आठ लिवलंय ते काय हाय? चांगलं का वाईट?"

"रक्त. हिमोग्लोबिन. गरोदर बाईला अकराच्या वर पायजे."

"आन् खाली किती चालतं?"

"सातच्या खाली गेलं तर जिवावरचं. बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं की बाई हाताला लागत न्हाई."

त्याने कार्ड उलटवून नाव वाचलं, आठवून बघितलं. ही ती, फळीवरून सगळ्यात पटपट मोळ्या चढवणारी. तो उठला, ट्रॅक्टरच्या चाकाला उगाच एक लाथ मारून परत बसला.

"हिला मोळी उचलायला नको मग?"

"मी काय सांगू? डॉक्टरनी लिवलंय बघा खाली, जड काम न्हाई. गोळ्या दिल्यात, आज इंजेक्शनचं बी बघतायत."

मुकादमाने खिशातून हजेरीची वही काढली, पेन्सिल शोधली, थोडा वेळ नावावर धरून ठेवली.

"तळावर सैपाकाला ठिवतो हिला," तो म्हणाला. "खाडा अर्धा धरतो."

"अर्धा बी कशापायी?" ट्रॉलीतून कोंडाबाईचा आवाज आला.